पाय पुढे करण्याची नम्रता



पवित्र गुरुवार जवळ आला की धर्मग्रामात एक यादी करावी लागते. संध्याकाळच्या मिस्सात धर्मगुरू ज्यांचे पाय धुणार त्या बारा जणांची ही यादी. या यादीत नाव यावे म्हणून कोणी भांडत नाही, उलट माणसे मिळता मिळत नाहीत. "फादर, मला नको, दुसऱ्या कुणाला तरी घ्या," हे उत्तर अमरावतीत मिळते तसे अकोल्यातही मिळते. जे तयार होतात ते घरूनच पाय साबणाने घासून येतात, नखे कापतात, कोणी खास नवे मोजे घालतात. धर्मगुरूंच्या हाती लागणारे पाय असे आधीच धुतलेले असतात! यात थोडे हसण्यासारखे आहे आणि बरेच विचार करण्यासारखे आहे. धुतलेले पाय धुवून घ्यायला आपण कसेबसे तयार होतो. मळलेले पाय मात्र आपण कोणापुढेच करत नाही.

नम्रतेवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. बहुतेकांचा रोख एकच असतो: खाली वाका, सेवा करा, दुसऱ्याचे पाय धुवा. ते बरोबरच आहे. पण त्या रात्रीच्या प्रसंगात नम्रतेची दोन कामे आहेत. एक धुणाऱ्याचे आणि दुसरे धुवून घेणाऱ्याचे. दुसऱ्याविषयी आपण फारसे बोलत नाही. आम्हाला वाटते की आपल्या वऱ्हाडात आज हे दुसरे काम जास्त कठीण झाले आहे, आणि त्याची किंमत काही घरांनी फार मोठी मोजली आहे.

आधी शुभवर्तमानाकडे पाहू. मत्तय, मार्क आणि लूक हे तिघेही शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला यांविषयी सांगतात. संत योहान त्याच भोजनाचे वर्णन करतो, पण भाकर-प्याल्याचा तो प्रसंग सांगत नाही. त्या जागी तो प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याचे सांगतो (योहान १३:१-१७). जणू काही वेदीवर जे घडते त्याचा अर्थ त्याला घंगाळातल्या पाण्यात दाखवायचा आहे. ख्रिस्तसभेनेही हे दोन्ही एकत्र आणायला वेळ घेतला. पूर्वी पाय धुण्याचा विधी मिस्साच्या बाहेर, वेगळा होत असे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या उपासनेत सुधारणा केली, तेव्हा तो गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्साच्या आत आला. त्याच वर्षी ८ मे रोजी आपला अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. म्हणजे आपला धर्मप्रांत आणि मिस्सातला हा विधी एकाच वयाचे आहेत. पुढे २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत मुसलमानही होते. २०१६ मध्ये नियमच बदलला आणि पुरुषांबरोबर स्त्रियांचे पाय धुण्याची वाट मोकळी झाली.

पाय धुणे आपल्याला नवीन नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाय धुवायला पाणी देतो. पण पाणी देणे वेगळे आणि हाताने पाय धुणे वेगळे. हाताने पाय कोणाचे धुतले जातात? लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो, शिष्य गुरूचे धुतो. नेहमी खालचा वरच्याचे धुतो. यहुदी घरातही हे काम गुलामाकडेच असे. म्हणून प्रभू गुडघे टेकून खाली बसला तेव्हा शिष्यांना नक्कीच धक्का बसला असणार.

तो धक्का पेत्र बोलून दाखवतो. तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस, असे तो प्रभूला ठामपणे सांगतो. ऐकायला हे किती नम्र वाटते! गुरूने आपल्या पायाला हात लावू नये, हा आपल्याकडे चांगला संस्कारच मानला जाईल. पण प्रभू त्याचे कौतुक करत नाही. मी तुला धुतले नाही तर तुझा माझ्याशी काही संबंध उरत नाही, असे तो त्याला बजावतो. इतके कडक उत्तर का? कारण त्या नकारात पेत्राने स्वतःची एक जागा राखून ठेवली होती. मी देईन, मी तुझ्यासाठी जीवही देईन, पण माझी घाण मी तुला दाखवणार नाही. (मग पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला जातो आणि हात व डोकेही धुवायला सांगतो. पेत्राला मधला रस्ता कधी सापडतच नाही, आणि म्हणूनच तो आपल्याला जवळचा वाटतो.) त्याच रात्री पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. जीव देईन म्हणणाऱ्याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारले.

आता हे सगळे घेऊन आपल्या गावांत येऊ.

वऱ्हाडातला शेतकरी मे महिन्यात हिशेब मांडतो. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज नवे-जुने करायचे असते. ते जमले नाही तर कृषी केंद्राची उधारी, आणि तिथेही हात आखडला तर सावकार. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही खारे, म्हणजे सगळी भिस्त पावसावर. कपाशीवर बोंडअळी आली किंवा सोयाबीन काढणीला पाऊस लागला की हिशेब कोलमडतो. हे आपण सगळे जाणतो. २००६ च्या जुलै महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. मग कर्जमाफ्याही झाल्या. तरी आत्महत्या थांबल्या नाहीत. त्यांची आर्थिक कारणे आहेत. भाव, पाऊस, व्याज, धोरण, सगळे आहे. ती कारणे बाजूला सारून हा केवळ मनाचा दुबळेपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ते आम्ही म्हणत नाही.

पण एक गोष्ट अशा घरांतून पुन्हा पुन्हा ऐकू येते. बायको म्हणते, इतके कर्ज होते हे मला माहीतच नव्हते. भाऊ म्हणतो, एक शब्द बोलला नाही. शेजारी म्हणतात, आदल्या दिवशी पारावर बसून हसत होता. म्हणजे तो माणूस आपले मळलेले पाय झाकून बसला होता. कर्जापेक्षा कर्ज उघडे पडण्याची भीती मोठी होती. या भीतीला आपण अब्रू असे नाव दिले आहे आणि तिला सद्गुण मानून बसलो आहोत.

अब्रू ही एकट्या माणसाच्या डोक्यात तयार होत नाही. भोवतालचे लोक ती तयार करतात. पाय पुढे करणाऱ्याला आपण कसे वागवतो, यावर दुसरा आपले पाय पुढे करील की नाही हे ठरते. सरकारचे पाहा. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरली, पण त्याआधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समितीने ठरवायचे. जमीन त्याच्या नावावर होती का? कर्ज बँकेचेच होते का? वसुलीचा तगादा होता का? नवरा गेलेल्या बाईने आपल्या दुःखाचा पुरावा टेबलावर मांडायचा. सरकारी पैशाला नियम लागतात हे मान्य. पण ख्रिस्तसभेचे काय? आपल्याकडे मदत कशी दिली जाते? कुठे मिस्सानंतर लाउडस्पीकरवर नावे वाचली जातात. कुठे धान्याचे पाकीट देताना फोटो काढतात, आणि त्यात देणारा कॅमेऱ्याकडे पाहतो, घेणारी बाई जमिनीकडे. पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचे नाव रंगवलेले असते, इतके की पंखा बंद असतानाच ते वाचता येते. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, हे प्रभूचे सांगणे आपण दरवर्षी राखेच्या बुधवारी ऐकतो आणि रविवारी पुन्हा माईक हातात घेतो.

करिंथच्या मंडळीतही हेच चालले होते. लोक प्रभूभोजनासाठी जमत, पण सधन माणसे आपापले आणलेले खाऊन-पिऊन मोकळी होत आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. संत पौल त्यांना झोडपतो तो कशासाठी? गाणी चुकली म्हणून नव्हे, वेदी नीट सजवली नाही म्हणूनही नव्हे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, ही त्याची तक्रार आहे (१ करिंथ ११:१७-३४). आणि असे जमणे हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो सांगतो. उपासना आणि प्रीती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत याचा इतका थेट पुरावा दुसरा नसेल.

देणे आणि घेणे माणसाची मान खाली न घालता कसे करावे, याचा एक धडा आपल्याच मातीत आहे. तो ख्रिस्ती माणसाने दिलेला नाही म्हणून तो घेण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजात डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. तेच आपले गाडगेबाबा. बाप दारूपायी गेला, मुलगा मामाच्या घरी मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला वाढला, आणि तिथे मामाची शेती सावकाराच्या कागदांत अडकताना त्याने डोळ्यांनी पाहिली. १९०५ साली त्यांनी घर सोडले. पुढची पन्नास वर्षे त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचे, हातातल्या खराट्याने रस्ते झाडायचे, आणि रात्री कीर्तन करायचे. भाकरी घ्यायची ती काम केल्यावर, मडक्याच्या फुटक्या गाडग्यात. कीर्तनात ते लोकांना विचारत, कर्ज काढून लग्न कशाला करता, ऋण काढून सण कशाला करता. धर्मशाळा त्यांनी मोठमोठ्या बांधल्या, पंढरपुरात बांधल्या, मुंबईत बांधल्या, पण स्वतः झोपडीत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी प्राण सोडला.

आम्हाला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ते कोणाला आपल्या पाया पडू देत नसत, कोणी वाकलाच तर काठी उगारत. पाया पडण्यात एक जण मोठा होतो आणि दुसरा लहान होतो. पाय धुण्यात तसे नाही. दुसरी, त्यांनी भाकरी नाकारली नाही. गावाची सेवा केली आणि गावाच्या हातचे खाल्लेही. मी फक्त देणारा, घेणारा नाही, असा ताठा त्यांच्यात नव्हता. खराटा एका हातात आणि गाडगे दुसऱ्या हातात, अशी ही जोडी आहे.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. नम्रतेचा उपदेश आजवर कोणाला केला गेला? बहुतेक वेळा जे आधीच वाकलेले होते त्यांनाच. मजुराला, मोलकरणीला, घरातल्या सुनेला, गावकुसाबाहेरच्या माणसाला. "नम्र राहा" याचा अर्थ "गप्प राहा" असा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी ते वाकणे सोडून दिले. त्यांत आपल्या वऱ्हाडातली असंख्य घरे होती. त्याला कोणी अहंकार म्हणू लागला तर ख्रिस्ती माणसाने मान डोलावू नये. वाकायला लावलेली पाठ आणि आपणहून वाकलेली पाठ लांबून सारखी दिसते, पण संत योहान मुद्दाम लिहितो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपण देवाकडून आलो आहोत हे येशूला माहीत होते, म्हणून तो उठला. ज्याला आपली किंमत माहीत आहे तोच खाली बसू शकतो. आणि मदत मागणाऱ्या माणसालाही हेच लागू आहे. आपली किंमत सातबाऱ्यावरच्या बोज्याने कमी होत नाही हे ज्याला पटले आहे, तोच आपल्या भेगाळलेल्या टाचा दुसऱ्याच्या हातात देऊ शकतो. म्हणून कर्जात बुडालेल्याला "नम्र हो" असे सांगत सुटणे हा आमचा हेतू नाही. त्याला त्याची किंमत सांगण्याचे काम आधी आपले आहे.

प्रभूने स्वतः काय केले ते आपल्या सहसा लक्षात येत नाही. शिष्यांचे पाय त्याने तेराव्या अध्यायात धुतले. बाराव्या अध्यायात, काही दिवस आधी, बेथानीच्या घरी मरियेने त्याच्या पायांना मोलाचे सुगंधी तेल लावले आणि केसांनी पुसले. त्याने पाय मागे घेतले नाहीत. लोक कुरकुरले तरी घेतले नाहीत. त्याआधी विहिरीवर शोमरोनी बाईकडे त्याने पाणी मागितले होते. यरुशलेमेत तो दुसऱ्याच्या गाढवावर बसून आला, दुसऱ्याच्या माडीवर जेवला, त्याचा क्रूस काही वाट शिमोनाने वाहिला, आणि त्याला ठेवले तेही दुसऱ्याच्या कबरीत. देवाचा पुत्र आयुष्यभर घेत राहिला. पेत्राला जे जमत नव्हते ते प्रभू आधीच करून बसला होता.

आणि मिस्सात आपण तरी दुसरे काय करतो? परमप्रसादाच्या रांगेत कलेक्टर असो की कामवाली, दोघांचाही तळहात रिकामा असतो. त्या क्षणी चर्चमध्ये देणारा एकच असतो. रविवारी असा हात पसरायचा आणि सोमवारी "आम्ही कोणापुढे हात पसरत नाही" असे अभिमानाने म्हणायचे, हे जुळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आयांच्या तोंडीही हेच असते, "मला कोणावर ओझं व्हायचं नाही." जिने सहा लेकरांचे लंगोट धुतले तिला आपले अंग लेकीने पुसलेले चालत नाही! अशा आईला परमप्रसाद घेऊन जाणाऱ्या सिस्टरांनी तिला हेही हळूच सांगावे की लेकीच्या हातचे घेणे हीसुद्धा एक प्रार्थनाच आहे.

ज्या घरात अशी आत्महत्या होते, तिथे आपण काय करतो? कुजबुज होते की याला चर्चमध्ये आणायचे का, मिस्सा होईल का. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. १९१७ च्या धर्मनियमांत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या नियमांत ती बंदी ठेवलेली नाही. आणि १९९२ ची धर्मशिकवण सांगते की तीव्र मानसिक त्रास, भीती आणि यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशा माणसाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. तेव्हा मिस्सा होईल. आणि मिस्साला त्या बाईच्या बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसायला कोणत्याही नियमाची परवानगी लागत नाही.

आणि जो अजून आहे पण गप्प आहे, त्याचे काय? १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर एक काम सुरू केले, त्यातून संत विन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली. त्यांची रीत साधी आहे. दोघांनी मिळून घरी जायचे, बसायचे, ऐकायचे, आणि तिथले तिथेच ठेवायचे. कोणाला काय दिले हे बाहेर बोलायचे नाही. आपल्या वाड्यावस्त्यांवर, मेळघाटातल्या मरियमपूरपासून अकोल्याच्या रेल्वे वस्तीपर्यंत, असे दोघे-दोघे जाऊ शकतात. ज्यांनी स्वतः कधी कर्ज काढून फेडले आहे, त्यांनी आधी जावे, आणि गेल्यावर आपले आधी सांगावे. "माझ्यावरही इतके होते" हे वाक्य ऐकले की समोरचा माणूस खुर्चीत जरा सैल बसतो.

धर्मग्राम परिषदेसाठी दोन सूचना. चर्चच्या दाराशी धान्याची पेटी ठेवावी, टाकणाऱ्याचे नाव लिहायचे नाही आणि नेणाऱ्याचेही नाही. दुसरी उपवासकाळातल्या निधीविषयी. तो आपण गुड फ्रायडेपर्यंत गोळा करतो आणि पास्काच्या आठवड्यात वाटून टाकतो. पण आपल्याकडे हात खरा आखडतो तो जूनमध्ये. मृग लागतो, बियाणे-खत घ्यायचे असते, शाळा उघडतात, आणि जुनी बाकी भरल्याशिवाय नवे कर्ज मिळत नाही. निधीचा निदान अर्धा भाग तोवर राखून ठेवता येईल. परिषदेची पुढची बैठक मे महिन्यात आहे, तिथे हा विषय घेता येईल.